दोन मिनिटांची क्राइम थ्रिलर केली, आता त्यावर लिहायचं कसं?

केंब्रिज बोर्डाच्या एएस लेव्हलला (साधारण अकरावीला) मीडिया स्टडीज घेतलेल्या मुलांपुढे एक काम असतं: एका नव्या काल्पनिक चित्रपटाची सुरुवात बनवायची, श्रेयनामावलीसकट, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. गटाने करायची असेल तर गटात चारपेक्षा जास्त जण नकोत. फिल्म झाली की प्रत्येकाने स्वतंत्रपणे आपल्या कामाचं चिकित्सक चिंतन सादर करायचं. मुलं त्याला 'सीसीआर' (क्रिएटिव्ह क्रिटिकल रिफ्लेक्शन) म्हणतात. पुण्यात माझ्याकडे एडिटिंग शिकायला येणाऱ्यांमध्ये ही मुलं असतात आणि त्यांच्यातले बरेच गट क्राइम थ्रिलरच निवडतात. रिकामा जिना, अर्धवट उघडं दार आणि घाबरण्याचा अभिनय करायला तयार असलेला एक मित्र मिळाला की काम सुरू करता येतं. फिल्म बरी होतेही. अडतं ते चिंतनापाशी.

मी संकलक आहे, त्यामुळे या बाबतीत माझं मत पक्कं आहे. चिंतन म्हणजे निर्णयांचा हिशेब. काय करायचं ठरलं होतं, कॅमेऱ्यात काय आलं, एडिटिंगच्या टाइमलाइनवर काय उरलं आणि तेच का उरलं. एवढं नीट सांगता आलं की 'आम्हाला खूप शिकायला मिळालं' हे वाक्य लिहायची गरजच पडत नाही.

पुढचं सगळं एकाच फिल्मच्या आधाराने सांगते. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत चौघांनी केलेली. वॉचमनच्या टेबलावर व्हिजिटर रजिस्टर उघडं आहे. नाव, फ्लॅट नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही असे रकाने. त्यातल्या नोंदी म्हणजेच श्रेयनामावली: दिग्दर्शकाचं नाव, कॅमेरा, संकलन, सगळं बॉलपेनने लिहिलेलं. मधेमधे तिसऱ्या मजल्यावरची बाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढते. सेफ्टी डोअरचं कुलूप, मग लॅच. दार उघडतं तर आत चुरचुर आवाज. गॅसवर दूध उतू जातंय. बाई एकटी राहते आणि सकाळपासून बाहेर होती. ती आधी गॅस बंद करते, मग तिला ओट्यावर काढून ठेवलेले दोन कप दिसतात. परत रजिस्टर. शेवटच्या ओळीत तिच्याच फ्लॅटचा नंबर. आत आल्याची वेळ लिहिलेली आहे, बाहेर गेल्याचा रकाना कोरा. मग चित्रपटाचं नाव.

नोंद त्याच रात्री

फिल्म संपल्यावर आठवून लिहायला बसलात तर सगळं गुळगुळीत होतं. महिन्याभराने प्रत्येकाला वाटतं, आपण हे असंच ठरवलं होतं. म्हणून शूटिंगच्या प्रत्येक दिवशी, झोपण्याआधी, तीन ओळी: ठरलं काय होतं, घडलं काय, ठेवलं काय. फोनच्या नोट्समध्ये लिहा, वहीत लिहा, पण तारीख घाला. या गटातल्या एका मुलीची नोंद तिच्या परवानगीने देते:

'ठरलं: जिन्यातून पळापळ, मग स्वयंपाकघरात फरशीवर रक्त. घडलं: पळताना फोन इतका हलला की काहीच कळत नाही. वरच्या काकू काय झालं म्हणून खाली आल्या. सरबताचं रक्त फरशीवर गुलाबी दिसतंय. ठेवलं: जिन्यातला फक्त चपलांचा शॉट. रक्त रद्द. दूध ठेवून बघू.'

या नोंदीतलं 'दूध ठेवून बघू' म्हणजे सगळ्या फिल्मचं वळण आहे आणि ते लिहिताना तिला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे चिंतनात तिने ते उलगडलं. रक्त दिसलं की काय झालं ते कळतं, पण कधी झालं ते कळत नाही. उतू जाणारं दूध वेळ सांगतं. पातेलं गॅसवर ठेवून ते वर यायला जेवढी मिनिटं लागतात, तेवढ्यातच कुणीतरी इथे उभं होतं. कदाचित अजूनही घरातच आहे. प्रत्येक मराठी घरात दूध उतू गेलेलं असतं, त्यामुळे हा हिशेब प्रेक्षक न सांगता करतो. खर्च अर्धा लिटर दुधाचा.

असा एक निर्णय तुमच्याही फिल्ममध्ये असतोच. तो शोधा आणि त्यावर पानभर लिहा. बाकीच्या दहा निर्णयांना दोन-दोन ओळी पुरतात. सगळ्यांना सारखी जागा दिली की वाचणाऱ्याला कळत नाही की तुम्हाला स्वतःला महत्त्वाचं काय वाटलं.

पुरावे फेकू नका

एडिटिंग करताना जुन्या प्रोजेक्टवर नवा सेव्ह करू नका. प्रत्येक मोठ्या बदलाच्या आधी प्रोजेक्टची प्रत काढा आणि नावात तारीख टाका. टाइमलाइनचा स्क्रीनशॉट घ्या. या गटाचा पहिला कट तीन मिनिटं दहा सेकंदांचा होता, शेवटचा एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांचा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दोन मिनिटांत ३००० फ्रेम बसतात, त्यापलीकडे एकही नाही. मधल्या बहात्तर सेकंदांत काय होतं आणि ते का गेलं, ही यादी चिंतनासाठी सोन्याची. भाजीवाल्याशी बोलणं गेलं, कारण बाई एकटी आहे हे तिथे तोंडाने सांगितलं जात होतं. लिफ्ट बंद असल्याची पाटी गेली, कारण जिना चढणारा माणूस जिना का चढतोय असं कुणी विचारत नाही.

एक कट, म्हणजे दोन शॉटमधली जोड, जवळून दाखवते. दाराबाहेरच्या शॉटमध्ये बाई डावीकडून उजवीकडे येते. आतला शॉट घेताना कॅमेरा पलीकडच्या भिंतीला लावला गेला, म्हणजे बाईच्या चालण्याच्या दिशेची काल्पनिक रेषा ओलांडली गेली. त्यामुळे आत शिरणारी बाई पडद्यावर उजवीकडून डावीकडे जाते, आणि जोडून पाहिलं की ती आत येण्याऐवजी परत निघाली असं वाटतं. १८० अंशांचा नियम म्हणतात तो हाच. पुन्हा शूट करायला घर मिळणार नव्हतं. मग दोन शॉटच्या मधे लॅचचा अगदी जवळचा, समोरून घेतलेला शॉट टाकला: किल्ली फिरते, जीभ आत जाते. या शॉटला डावं-उजवं नाही, त्यामुळे डोळ्यांना दिशा विसरायला वेळ मिळतो. शिवाय किल्लीची हालचाल बाहेरच्या शॉटमध्ये सुरू होऊन या शॉटमध्ये पूर्ण होते, म्हणून जोड जाणवत नाही.

याबद्दल पहिल्या मसुद्यात वाक्य होतं, 'आम्ही वेगवेगळे कॅमेरा अँगल वापरून सस्पेन्स निर्माण केला.' हे कुठल्याही फिल्मबद्दल लिहिता येईल, म्हणजे ते या फिल्मबद्दल काहीच सांगत नाही. बदललेलं वाक्य असं: 'आतला शॉट रेषेच्या पलीकडून घेतला गेल्यामुळे बाई बाहेर जातेय असं दिसत होतं, मी मधे लॅचचा शॉट टाकला, त्याने दिशा सुटली आणि दार उघडायला लागणारा वेळही लांबला.' आपल्या प्रत्येक वाक्याला हीच चाचणी लावा. दुसऱ्या गटाच्या फिल्मला ते जसंच्या तसं चिकटत असेल, तर खोडा.

संकेत आणि माणसं

चिंतनात चार प्रश्न असतात: संकेत आणि चित्रण, प्रेक्षक आणि वितरण, कौशल्यं, तंत्रज्ञान. पहिला असा: तुमच्या फिल्मने आपल्या चित्रपटप्रकाराचे संकेत, म्हणजे रूढ पद्धती, कसे वापरले किंवा मोडले, आणि समाजातल्या गटांचं किंवा प्रश्नांचं चित्रण कसं केलं. मुलं पहिल्या अर्ध्याला भरपूर लिहितात आणि दुसरा अर्धा दोन ओळींत उरकतात. मी उलटं करायला सांगते.

संकेतांबद्दल थोडक्यात. 'लो-की लायटिंग वापरलं' एवढं पुरत नाही. गडद सावल्यांची ही पद्धत १९२०च्या दशकातल्या जर्मन चित्रपटांतून आणि १९४०च्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांतून आपल्यापर्यंत आली, हे माहीत असेल तर लिहा, पण लगेच पुढे सांगा की तुम्ही तिचं काय केलं. या गटाने सकाळी अकराच्या उन्हात शूट केलं. अंधार फक्त दार आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या पॅसेजमध्ये. भीती घरातल्या रोजच्या वेळेत यावी, हा त्यांचा मुद्दा होता, आणि संकेत मोडला म्हणायला तो पुरेसा आहे. सिद्धांताचंही तेच. गोष्ट अर्थ कसा पोचवते याचे जे पाच संकेत फ्रेंच अभ्यासक रोलाँ बार्थ यांनी १९७०मध्ये मांडले, त्यांपैकी कोड्याचा संकेत (प्रश्न उभा करून उत्तर लांबवणं) सगळेच उद्धृत करतात. रजिस्टरमधला कोरा रकाना हे आमचं कोडं आहे, ते पहिल्या शॉटमध्ये रकान्याच्या मथळ्याने पेरलं आणि शेवटच्या शॉटमध्ये उघडलं, असं लिहिलं तर बार्थ कामाला आले. नाहीतर नुसतं नाव.

आता माणसं. पहिल्या पटकथेत संशयित होता कुरिअरवाला आणि वॉचमन झोपलेला होता. चौघांनाही त्यात काही खटकलं नव्हतं. मी त्यांना एक तक्ता करायला सांगितला, तुम्हीही करा: फिल्ममधलं प्रत्येक माणूस, त्याचं काम काय, त्याचा चेहरा किती सेकंद दिसतो, तो बोलतो का, आणि प्रेक्षकाने त्याच्याबद्दल काय समजावं असं तुम्हाला वाटतं. तक्ता भरल्यावर समोर आलं की दुसऱ्याच्या दारात कामासाठी येणारी सगळी माणसं एकतर संशयास्पद होती किंवा निष्काळजी, आणि फ्लॅटमध्ये राहणारी तेवढी निर्दोष. हे चित्रण त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. पाहिलेल्या शेकडो मालिका आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे 'अनोळखी व्यक्तीला आत सोडू नका'चे मेसेज यांतून ते आपोआप उतरलं. मोलकरीण, डिलिव्हरीवाला, परप्रांतीय कामगार, दाढीवाला शेजारी: गुन्ह्याच्या गोष्टीत आपला हात पहिल्यांदा यांच्याकडेच का जातो, हा प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी स्वतःच्या पटकथेला विचारावा, यासाठी मला हा सगळा अभ्यासक्रम मोलाचा वाटतो.

त्यांनी कुरिअरवाला काढला. वॉचमनला जागा केला, इतकंच नाही तर सगळी गोष्ट त्याच्या चोख नोंदीवर उभी केली. ज्याने वेळ लिहून घेतली नसती तर पुढे काहीच कळलं नसतं, असा माणूस. बाईबद्दलही चर्चा झाली. एकटी बाई आणि घुसखोर ही मांडणी या प्रकारात पुन्हा पुन्हा येते. तिला नुसतं सावज होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून ती किंचाळत नाही, पळत नाही, आधी गॅस बंद करते. तीन सेकंदांत ती कोण आहे ते कळतं.

आणि एक गोष्ट उरलीच. वॉचमनचा चेहरा फिल्ममध्ये कुठेही नाही. हात, पेन, मनगटावरचं घड्याळ, एवढंच. गटातल्या एका मुलाने हे चिंतनात स्वतःहून लिहिलं: 'आम्ही त्याला महत्त्व दिलं, पण चेहरा दिला नाही. कथेत त्याने आणखी जागा घ्यावी असं आम्हाला कुणालाच सुचलं नाही.' 'आम्ही स्टिरिओटाइप मोडला' अशी पताका लावण्यापेक्षा हे वाक्य कितीतरी वजनदार आहे. किती बदललं आणि कुठवर बदललं, दोन्ही लिहा.

प्रेक्षक आणि वितरण

'१५ ते ३५ वयोगट, नेटफ्लिक्सवर प्रदर्शित करू' असं उत्तर मी बऱ्याच वेळा वाचते आणि प्रत्येक वेळी परत पाठवते. प्रेक्षक कोण, हे फिल्म अनोळखी माणसांना दाखवून ठरवा. दाखवण्याआधी काहीही सांगू नका आणि नंतर 'आवडली का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: ही बाई कोणाबरोबर राहते? आता काय होईल? कुठल्या क्षणी शंका आली? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. एका आजींनी शांतपणे सांगितलं, 'नवरा लवकर आलाय, चहा टाकत असेल.' दोन कपांचा अर्थ त्यांनी अगदी बरोबर लावला होता, फक्त फिल्ममध्ये बाई एकटी राहते हे कुठेच दिसत नव्हतं. मग दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकचा एक शॉट आला, सगळ्या चपला एकाच मापाच्या. पुढच्या वेळी नवऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांच्या संकेतन आणि विसंकेतनाच्या (करणारा अर्थ घालतो, पाहणारा आपला अर्थ काढतो) मांडणीला याहून चांगलं उदाहरण बाहेर शोधायची गरज नाही.

वितरणाबद्दल लिहिताना नियमांची माहिती घ्या, त्याने उत्तराला बूड येतं. २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग पडले. तुमची फिल्म यांतल्या कशात बसेल आणि कुठल्या शॉटमुळे? रक्त काढल्यामुळे काय बदललं? पात्र सिगरेट ओढत असेल तर पडद्यावर आरोग्याचा इशारा दाखवावा लागतो; सस्पेन्सच्या ऐन क्षणी तळाला ती ओळ चालेल का? (सिगरेट टाळाच. शाळेतल्या मुलाच्या हातात ती नको.) थिएटरमध्ये प्रेक्षक तिकीट काढून बसलेला असतो, घरी त्याच्या हातात रिमोट असतो आणि श्रेयनामावली आली की ती ओलांडायचं बटण. या गटाने नावं रजिस्टरमध्ये घातल्यामुळे नावं वगळली तर पुरावाच वगळला जातो. हा मुद्दा त्यांनी छान पकडला.

कौशल्यं आणि तंत्रज्ञान

कौशल्यांच्या उत्तरात 'आम्ही' कमी आणि 'मी' जास्त हवा. चिंतन एकेकट्याचं असतं. पहिल्या आठवड्यातला आणि शेवटच्या आठवड्यातला एकसारखा शॉट शेजारी शेजारी लावा आणि फरक बोलून दाखवा, बस.

तंत्रज्ञानाच्या प्रश्नाला मुलं ॲप्सची यादी देतात. यादीऐवजी एक अडचण घ्या. उदाहरणार्थ, स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. फोन बहुधा ३० फ्रेमवर लावलेला असतो. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/६० सेकंद असेल तर ट्यूबच्या लयीशी त्याचा मेळ बसत नाही आणि चित्रात पट्टे सरकायला लागतात. फोनच्या प्रो मोडमध्ये किंवा मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये २५ फ्रेम आणि १/५० शटर लावलं की ते थांबतं. हे चार ओळींत सांगितलं, आधीची आणि नंतरची क्लिप जोडली, की तुम्हाला यंत्र समजलं हे दिसतं. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिप. तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो, मग ग्रेडिंगच्या वेळी, म्हणजे रंग आणि उजेड जुळवताना, सावल्यांमध्ये चौकटी दिसतात. क्लिप ड्राइव्हवर टाका किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एडिटसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर झाली.

आवाजावर मात्र वेळ घालवा. व्हिडिओ आणि आवाज मुलांचे स्वतःचे असावे लागतात; संगीत आणि इफेक्ट तेवढे कॉपीराइटमुक्त ठिकाणाहून घेता येतात. कुठल्याही चित्रपटाचं पार्श्वसंगीत चालत नाही. उतू जाणाऱ्या दुधाचा खरा आवाज फोनच्या माइकवर अगदी बारीक येतो. मुलांनी तापलेल्या तव्यावर चमच्याने पाण्याचे थेंब सोडले, फोन सुरक्षित अंतरावर पण जवळ धरला, आणि तो आवाज दुधाखाली लावला. शेजारच्या कुकरची शिट्टी चुकून रेकॉर्ड झाली होती. ती काढून टाकायला निघाले होते, मी ठेवायला सांगितली. शेजारी स्वयंपाक चाललाय, माणसं आहेत, आणि तरी या घरात काय घडलं ते कुणाला कळलं नाही, हे त्या शिट्टीने कळतं. प्रत्येक जागी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. तो नसेल तर प्रत्येक कटला आवाज तुटतो.

परवानग्यांबद्दलही चिंतनात दोन ओळी येऊ द्या. सोसायटीच्या सचिवांची लेखी परवानगी घेतली होती. खरं रजिस्टर वापरलं नाही, कारण त्यात लोकांची खरी नावं आणि फोन नंबर असतात. नवीन वही आणून, रकाने आखून, चहाचे डाग पाडून ती जुनी केली. खेळण्यातलं पिस्तूल घेऊन रस्त्यावर शूट करायचा विचार असेल तर सोडून द्या.

सादर करताना

चिंतन डिजिटल स्वरूपात द्यायचं असतं, नुसता निबंध चालत नाही. चारही उत्तरं चार वेगळ्या रूपांत द्यायचा अट्टहास नको. ज्या उत्तराला चित्र लागतं त्याला चित्र द्या. कट आणि आवाज यांच्यासाठी फिल्म चालू ठेवून वर बोललेली कॉमेंट्री सगळ्यात उत्तम. हव्या त्या फ्रेमवर थांबा, मागे जा, पुन्हा दाखवा. चित्रणाच्या प्रश्नाला तो तक्ता पडद्यावर आणा आणि त्यावर बोला. बोलताना पाठ केलेलं म्हणू नका, मुद्द्यांची चिठ्ठी पुरते. मराठीत विचार करणाऱ्या मुलांना मी आधी मराठीतच बोलून रेकॉर्ड करायला सांगते, मग त्यावरून इंग्रजी कॉमेंट्री तयार करायला. इंग्रजीत थेट सुरुवात केली की पाठ्यपुस्तकातली वाक्यं तोंडात येतात.

शेवटी सगळ्या लिंक दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, लॉग-इन न करता उघडून पाहा. क्लिप 'प्रायव्हेट' राहिली असेल तर परीक्षकाला काहीच दिसणार नाही.